मावसाजींचा शेवटचा समुद्र

आमच्या आर्वीत माझ्या मावसाजींएवढा हिंडलेला माणूस दुसरा झाला नाही, आणि हिंडून आल्यावर इतका बोलणाराही झाला नाही. नोकरी शाळेत भूगोल शिकवण्याची, पण स्वतःची ओळख ते ‘प्रवासवर्णनकार’ अशीच करून देत. दिवाळीची नाहीतर उन्हाळ्याची सुटी लागली की होल्डॉल खांद्यावर टाकून एसटी स्टँड गाठत. नागपूरच्या एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत त्यांचे लेख येत. सत्तरच्या दशकात दोन पुस्तकंही निघाली. नव्या गावी उतरले की देवळाच्या आणि किल्ल्याच्या आधी तिथल्या स्टँडवरचा चहा पीत आणि त्यावरून गावाला शंभरपैकी मार्क देत. हिमालयातलं एक देखणं गाव त्यांनी नुसत्या चहापायी नापास केलं होतं. कुठलीही नदी दिसली की आपल्या वर्धा नदीशी तुलना ठरलेली. गंगेचं पात्र जरा रुंद आहे, एवढं त्यांनी कबूल केलं, तेही नाइलाजाने.

मावशीला मात्र त्यांनी कधी सोबत नेलं नाही. बाई बरोबर असली की नजर सामानावर राहते, मग डोंगर कोण पाहणार, असं त्यांचं म्हणणं. मावशी त्यांचे लेख सगळ्यांच्या आधी वाची, ऱ्हस्व-दीर्घ सुधारी, आणि एकदा समुद्र पाहायचा आहे म्हणे. ते ‘पुढच्या सुटीत’ म्हणत. अशा किती सुट्या आल्या आणि गेल्या.

ऐंशी साल उलटल्यावर काचबिंदूने त्यांचे डोळे गेले. दोन वर्षं ते घरात बसून राहिले आणि एक दिवस आपण होऊन मावशीला म्हणाले, चल, पुरीला जाऊ. मी वर्ध्याला एका कचेरीत होतो. दोघांना गाडीत मीच बसवून दिलं. परत आल्यावर मावसाजींनी मला बोलावून घेतलं.

“समुद्रापाशी उभे राह्यलो अन् मी हिले म्हटलं, काय दिसते ते सांग,” ते म्हणाले. “ही म्हणे, तुमच्यासारखाच हाय. येते अन् निंगून जाते.” मग म्हणाले, “तीस वर्षं लिहीत आलो बाबू, पण असं वाक्य मले नाई सुचलं. हिले आधीच न्यायले पाह्यजे होतं.”

ही सफर त्यांनी सांगायची आणि मी लिहून घ्यायची, असं ठरलं. रविवारी येतो म्हणालो. एका रविवारी बदलीची गडबड निघाली, एका रविवारी पाहुणे. ते शेजाऱ्याकडून पोस्टकार्ड लिहवून घेत: ‘कागद आणून ठेवले हायत, येजो.’ त्याच वर्षी हिवाळ्यात ते वारले.

निदान मावशीच्या तोंडून तरी ऐकून लिहावं म्हणून पुढे एकदा मी तिच्याकडे गेलो. ती तूर निवडत बसली होती. समुद्र कसा होता, म्हणून विचारलं, तेव्हा तिचा हात थांबला.

“मी कुठं धड पाह्यला रे समुद्र?” ती म्हणाली. “लाटेनं पडतीन म्हणून माह्यं सारं ध्यान त्यायच्या पायाकडेच होतं.”