तिरपं धरलेलं झाकण

शेंद्र्याच्या कारखान्यात प्लास्टिकला रंग कसा द्यायचा, ते मला चाचांनी शिकवलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला तोंडच नाही.

चाचा शहरातले, कापड रंगवणाऱ्यांच्या घरातले. आमच्याकडे अत्तराच्या बाटल्यांची झाकणं बनत. त्यांत चमकीची पावडर पडायची. झाकण समोरून हिरवं, तिरपं धरलं की जांभळं. पावडर म्हणजे बारीक पापुद्रे. ते मोडले की नुसता मळकट हिरवा उरतो. म्हणून चाचा ती मिक्सरला लावू देत नसत. प्लास्टिकच्या दाण्यांना तेलाचा हात द्यायचे आणि पावडर गोणीत घालून हातानं घोळायचे, अर्धा अर्धा तास. मला हे म्हाताऱ्याचे चोचले वाटायचे. पिशोरकडून मेंढरं सोडून आलेला मी, वर्षभरातच शेफारलो होतो.

त्यांची नजर अधू होत चालली होती. ते फक्त मला ठाऊक होतं. डोळे गेले की नोकरी गेली, एवढं साधं होतं ते.

एका शुक्रवारी चाचा नमाजला गेले. बाहेर ट्रक उभा, साहेब डोक्यावर बसलेले. मी पावडर सरळ मिक्सरमध्ये फिरवली.

चाचा परत आले. "हातानंच घोळली ना, बेटा?"

"व्हय, चाचा."

मशीनमधून निघालेलं पहिलं झाकण घेऊन ते दाराशी उन्हात गेले. तिरपं केलं, चष्मा पुसला, पुन्हा तिरपं केलं. गिऱ्हाइकानं पसंत केलेला नमुना साहेबांच्या कपाटात होता. ताडून पाहायला तो मागितला असता तर नजरेचं बिंग फुटलं असतं. ते माझ्याकडे आले.

"मेरेकू जांभळा दिखरा नै. तुला दिसतो?"

"दिसतो की! लई झ्याक उतरलाय."

कबूल केलं असतं तर फार तर शिव्या बसल्या असत्या. तेवढ्यासाठी मी खोटं बोललो. माल गेला. गिऱ्हाइकानं एकही झाकण तिरपं धरून पाहिलं नसावं. कुणाची तक्रार आली नाही.

चाचा मात्र त्याच संध्याकाळी साहेबांकडे गेले आणि आता नजर काम देत नाही, असं स्वतःच सांगून टाकलं. मी शेजारीच उभा होतो. साहेबांनी त्यांना थांबा म्हटलंसुद्धा नाही.

निघताना चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अब तूच बघ रंग," म्हणाले, "तू झूट नाय बोलत."