मावसाजींनी पारखलेला वकील

अकोल्यात रुईच्या गाठी दाबण्याच्या एका पेचाचा दोर भर दुपारी तुटला आणि हिवरखेडच्या गणपत गाडीवानाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. अमेरिकेत लढाई चालू होती, तिकडचा कापूस विलायतेला जात नव्हता, म्हणून वऱ्हाडातल्या रुईला कधी नव्हता तो भाव आला होता. पेच दिवसभर फिरत होता आणि दोर बदलायला पेचाच्या मालकाला, सेठला, सवड नव्हती. गणपत पेचावरचा नोकर नव्हता. गाडी रिकामी करून तो उभा होता. हमाल कमी पडले तेव्हा मुनीमानं हाक मारून त्याला दोराला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी तोच मुनीम म्हणाला, याला कोणी बोलावलंच नव्हतं. गणपतनं कचेरीत भरपाईचा अर्ज दिला. सुनावणी दहा दिवसांवर पडली. सेठनं अकोल्यातला सर्वांत नावाजलेला वकील आपल्याकडे घेतला. गणपतला वकील शोधून देण्याचं काम आमच्या मावसाजींनी अंगावर घेतलं.

मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, हिवरखेडचे बैलांचे दलाल. बैल पारखणारे वऱ्हाडात पुष्कळ आहेत. सगळी सृष्टीच बैल समजून पारखणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. नवा माणूस भेटला की ते आधी त्याच्या मागं जाऊन उभे राहत. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या सासऱ्यांभोवती एक फेरी मारली आणि भर मांडवात सांगितलं, "खांदा चांगला हाये, पन खुरात गडबड दिसते." सासऱ्यांना खरोखरच गुडघेदुखी होती, त्यामुळे ते जास्तच चिडले. आगगाडी अकोल्यात पहिल्यांदा आली त्या दिवशी लोक इंजिनाला हार घालत होते, मावसाजींनी ते एकदा पुढून, एकदा मागून पाहिलं आणि विचारलं, "पानी कितीक पेते?" आकडा ऐकून त्यांनी मान हलवली. हे जनावर त्यांनी गिऱ्हाइकाला कधीच सुचवलं नसतं.

मी तेव्हा अकोल्याहून एका साप्ताहिकाला बातम्या पाठवत असे. वकिलाच्या शोधात मी त्यांच्याबरोबर होतो. पहिले वकील देहानं भारदस्त होते. सनद भिंतीवर टांगलेली, तक्क्याला रेललेले, आणि गणपतच्या हाताकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मावसाजी म्हणाले, "वकीलसाहेब, त्या लिंबापर्यंत चालून दाखवा जरा."

"कशाला?"

"कचेरीत चालसान का मधातच बससान, ते पाह्याचं हाये."

आम्ही तिथून लवकर बाहेर पडलो.

दुसरे वकील गोड बोलले. मेहनतान्याचं निघालं तेव्हा मावसाजींनी बाजाराच्या रिवाजाप्रमाणे दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. जेवढा आकडा तेवढी उजव्या हाताची बोटं कापडाखाली समोरच्याच्या हातावर दाबून सांगतात. वकील गोंधळले, मग मावसाजींनी पहिल्यांदा सांगितला त्याच आकड्याला हो म्हणाले. मावसाजी तत्काळ उठले. रस्त्यावर म्हणाले, "अडला नाई, हात झटकला नाई. हा अगोदरच इकल्या गेला हाये." मला तो भलता संशय वाटला. संध्याकाळी हेच गृहस्थ सेठच्या ओसरीवर पान खात बसलेले मी पाहिले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "त्यांच्याकडून आधीच मुखत्यारपत्र घेतलंय. तुमची बाजू समजून घ्यायला काय हरकत होती?" तीन बोटं गेलेल्या माणसासमोर बसून ते ही बाजू समजून घेत होते.

तिसरे ताजनापेठेतले एक वयस्क मुसलमान वकील. अंगानं किडकिडीत, खोकला जुनाट. त्यांनी आधी गणपतची पट्टी सोडवून जखम पाहिली, मग दोर किती जुना होता ते विचारलं, आणि मग दुपट्ट्याखाली मावसाजींशी अर्धा तास भांडले. त्यांचे वडील अकोटच्या बाजारात घोडे विकत असत. "दादा, इतने में तो तुम्हारा बैल भी गवाही नहीं देगा!" असं म्हणून त्यांनी चार वेळा हात ओढून घेतला. मावसाजींचा चेहरा आठ दिवसांत पहिल्यांदा खुलला. बाहेर येऊन म्हणाले, "रोड हाये, पन चढावर टिकन."

ते टिकले. सुनावणी गोऱ्या साहेबापुढं होती. दोन हमालांकडून त्यांनी वदवून घेतलं की गणपतला मुनीमानंच बोलावलं होतं आणि दोर दोनदा गाठ मारलेला होता. मग सेठच्या वकिलांनी पवित्रा बदलला. मुनीमाला उभं करून विचारलं, गाडीवानाचं नुकसान ते काय? मुनीम म्हणाला, "कासरा धरायला अंगठा आणि एक बोट पुष्कळ झालं, हुजूर." कचेरीत काही लोक हसले. गणपत हसणाऱ्यांकडे पाहत राहिला.

मावसाजी उठले. त्यांना उठण्याचा अधिकार नव्हता. "साहेब, हा चारच महिने गाडी हाकते. बाकी साल माझ्यासंगं बैलबाजारात भाव बोलते." चपराशी पोचण्याआधी त्यांनी साहेबाच्या मेजावरच्या हातावर दुपट्टा टाकला आणि गणपतचा हात आत सारला. "गनपत, साहेबाले पाच सांग."

गणपतचा हात कापडाखाली हलला. साहेबानं हात मागं घेतला नाही.

"सांग न बापा, काहून थांबला?"

"नाई सांगता येत, दादा."

"ऐकलं, साहेब? दोनाच्या वर हा आता बोलूच शकत नाई. जनमभर." मावसाजींचा आवाज चढला होता. "अन् हे लोक हासून राह्यले!"

वकीलसाहेबांनी हे सगळं साहेबाला त्याच्या भाषेत समजावून सांगितलं. सेठनं भरपाई द्यावी, असा हुकूम त्याच दिवशी झाला. साहेबाच्या अंगाला हात लावल्याबद्दल मावसाजींना संध्याकाळपर्यंत कोठडीत बसवलं आणि पुन्हा कचेरीत पाय ठेवायला मनाई केली. कोठडीबाहेर मी भेटलो तेव्हा ते म्हणाले, "साहेबाचा हात नरम हाये. पन मानूस खोटा नाई."

सेठनं अमरावतीला अपील केलं. तारीख तीनदा पुढं गेली. तिन्ही वेळा मावसाजी गणपतला गाडीत घालून अमरावतीला गेले आणि मनाई असल्यामुळे बाहेर, गाडीच्या सावलीत बसून राहिले. चौथ्या तारखेला अपील फेटाळलं गेलं. तोवर अमेरिकेतली लढाई संपली होती, रुईचा भाव कोसळला होता आणि सेठ मुंबईला निघून गेला होता. जप्तीला गेलेल्या शिपायाला आवारात गाठी वाहणारे बैल तेवढे सापडले. त्यातली एक जोडी भरपाईपोटी गणपतनं निवडून घ्यावी, असं ठरलं. गणपतनं मावसाजींना बोलावून आणलं. निवड सकाळी सुरू झाली आणि दिवस मावळताना संपली. शिपाई दोनदा घरी जेवून आला.

मावसाजी त्यानंतर तीन वर्षं होते. त्या जोडीतला उजवीकडचा बैल गणपतच्या गाडीला नऊ वर्षं चालला.