माझ्या कार्डावर बुडालेला माणूस

“तू बुडालास. आता गप बस.”

शेठ झोपाळ्यावरून बोलला. मी किनाऱ्यावरच्या वरोर गावी त्याच्या अंगणात उभा. पायरी चढायची नाही, हे आधीच बजावलेलं. अंगात ताप होता, पण मी जिवंत होतो.

दिल नावाचा पोरगा नेपाळचा. दोन हंगाम माझ्याबरोबर शेठच्या बोटीवर खलाशी. शेठनेच त्याला कामाला ठेवला, पण त्याचे कागद केले नाहीत. “परक्यासाठी पोलिसांचे उंबरे कोण झिजवणार?” म्हणायचा. हंगामाच्या सुरुवातीला आम्ही सगळे आपापली ओळखकार्डं शेठच्या डब्यात टाकायचो. बोट निघताना बंदरावर नावांची यादी द्यावी लागते. ती तो डब्यातूनच भरायचा, दिलला न आलेल्या कुणाच्या तरी नावावर घालायचा. मी तापाने पडलो, तर माझ्या कार्डावर दिल गेला. मला माहीत होतं. मी बोललो नाही. ते पाप माझं.

जाळं ओढताना दिल पाण्यात पडला. सापडला नाही. यादीत नाव माझं होतं. शेठने पोलिसांनाही तेच दिलं.

“तुझ्या गावाला, वेवजीला फिरकू नकोस. गुजरातेत माझ्या मेव्हण्याची बोट आहे. तिकडं जा, दुसरं नाव लाव.”

“आणि माझी आई, शेठ?”

“रडंल चार दिवस. तुम्हा जंगलवाल्यांची नावं इचारतो कोण?”

आणि मी मान हलवली. हो म्हणालो. आजही त्या मानेची लाज वाटते.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. दिल घरी माझ्याच फोनवरून बोलायचा. त्याची बहीण होती. “भैया को फोन दो ना.” शेठने पायरी उतरून फोन ओढून घेतला.

“इधर ऐसा कोई आदमी काम नहीं करता.”

फोन बंद करून तो झोपाळ्यावर परतला आणि पायाने झोका दिला.

माझं डोकंच फिरलं. दोन वर्षं शेठच्या जाळ्यांनी ज्याचे हात सोलले, तो माणूस कधी नव्हताच! मी पायरी चढलो. फोन हिसकावला. झोपाळ्याशेजारच्या डब्यातून माझं कार्ड काढलं. शेठ शिव्या देत राहिला. मी चालत पोलीस ठाणं गाठलं.

हवालदाराने कार्ड पाहिलं, शेठने दिलेला कागद पाहिला. “अरे, तू तर मेलायस. उद्या ये.”

“उद्या नाही. बुडाला तो दिल. नेपाळचा. शेठच्या कामावर होता. लिहा.”

तो लिहीना. मी बाकावर बसलो. ताप चढत होता. फोन पुन्हा वाजला, तिचाच. मी उचलला, आणि या वेळी मीच बोललो, “दिल इधर ही काम करता था.”