जळालेल्या दाव्याचा रंग

हुलसूरहून परत येऊन दोन महिने उलटले आणि ही पोस्ट काही लिहून होईना. "फोटो टाकलेस, वर्णन कुठंय?" असं विचारून मैत्रिणींनी भंडावून सोडलं. माझा आळस सर्वांना ठाऊक आहे, पण या वेळी खरंच आळस नव्हता. एक गोष्ट लिहायला मला मनाई होती, आणि ती सोडून बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नव्हता. गेल्या मंगळवारी मनाई उठली, म्हणून आज बसलेय.

सुरुवात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झाली. पोळ्याला बैलांच्या गळ्यात बांधतात तशा लोकरी गोंड्याचा फोटो कुणीतरी टाकला होता. खाली मजकूर होता: मांजरा नदीच्या पुरात वाहून आलेल्या जनावरांसाठी हुलसूरच्या एक अक्का गोंडे विकतायत, दाराला लावा, गाडीत लावा, पैसे सगळे वैरणीला. मी सहा मागवले. पार्सल आलं तेव्हा गोंड्यांसोबत अंबाडीच्या दोरीचा एक बारीक, सुबक गोफही निघाला. इतकी सारखी वीण मी कधी पाहिली नव्हती. कापडाच्या दुकानात वीस वर्षं काढलेली बाई मी, धागा पाहिला की हात राहत नाही. फोन केला, "येऊ का बघायला?" पलीकडून उत्तर आलं, "या की, भाकरी हाय."

जायचं असेल तर पुण्याहून बिदरची रेल्वे सोयीची. लातूर, उदगीर करत सकाळी भालकीला उतरायचं आणि तिथून हुलसूरची बस धरायची. रस्ता पावसानं खाल्लेला होता, त्यामुळे प्रवास तासाच्या वरच धरा. कर्नाटकाच्या त्या बसमध्ये बायकांना तिकीट नसतं, या आनंदात मी आधार कार्ड पुढे केलं. कंडक्टरनं ते उलटसुलट पाहिलं.

"हे म्हाराष्ट्राचं हाय अक्का. तुमाला तिकीट पडतंय."

शेजारच्या बाईनं माझ्याकडं अशा काही दयेनं पाहिलं की मी मुकाट पैसे काढले. मुक्कामाला हुलसुरात फारसं काही मिळायचं नाही, बसवकल्याणला लॉज आहेत. मी मात्र अक्कांकडेच राहिले.

नागम्मा अक्का साठीच्या. माहेर आळंदकडचं निंबर्गा, तिथं वडील दावी वळायचे, त्यांच्याकडून हात शिकल्या. दावं म्हणजे जनावराच्या गळ्यात असतं आणि दुसऱ्या टोकानं खुंट्याला बांधतात ती दोरी. माझ्याशी मराठी, शेजारणीशी कन्नड आणि म्हशीशी दोन्ही, असा त्यांचा कारभार. जेवायला पुंडीची भाजी होती, म्हणजे आपली अंबाडी. "पाला पोटात, वाख दाव्यात," अक्का म्हणाल्या आणि दारात वाळत घातलेल्या पांढुरक्या धाग्यांकडे बोट केलं. भाजी आंबट, भाकरी पातळ, शेंगाची चटणी झणझणीत. मी तीन भाकरी खाल्ल्या, हे नमूद करणं भाग आहे.

घरामागं जिनिंगचं एक बंद पडलेलं शेड होतं. काशिनाथ अण्णा नावाच्या आडत व्यापाऱ्याचं. पुराच्या दुसऱ्या दिवशी पुलाजवळच्या उंचवट्यावर थकून उभी राहिलेली जनावरं लोकांनी हाकून आणली आणि अण्णांनी शेड उघडून दिलं. बरीचशी मालक येऊन घेऊन गेले होते. मी पोचले तेव्हा सात उरली होती: तीन म्हशी, दोन बैल, एक कालवड आणि कोपऱ्यात एक पांढरी गाय. सोमवारी मात्र शेड रिकामं करायचं होतं, सोयाबीन यायला लागलं होतं. तोवर मालक न सापडलेली जनावरं कलबुर्गीकडच्या एका गोशाळेत पाठवायची ठरली होती.

"तिकडं गेलं की झालं," अण्णा म्हणाले. "कुणाचं जनावर कुठं गेलं, कोण बघत बसतंय?"

मी दुपारभर फोटो काढले. गाईचा चेहरा फार देखणा होता, पण गळ्यात मळकं, कापलेलं दावं लोंबत होतं. ते झाकावं म्हणून मी तिच्या गळ्यात लाल-हिरवा गोंडा बांधला आणि मग फोटो घेतला. त्या फोटोवर खूप गोंडे खपले. आज तो फोटो मला बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का लोकर आणायला बाजारात गेल्या. मी शेडमध्ये गेले. जनावरं नव्या दोरांनी नीट बांधलेली होती, तरी प्रत्येकाच्या गळ्यात ते जुनं तुटकं दावं तसंच होतं. एका म्हशीची मान त्याखाली सोलवटली होती. मला वाटलं, एवढं साधं काम कुणाला सुचलं नाही. कोनाड्यातला विळा घेतला आणि जपून, चुचकारत, सातही तुकडे कापून काढले. पुण्याहून आणलेली मऊ सुती पट्टी मानेला बांधली. स्वतःवर बेहद्द खूश होते मी. तुकडे अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीत सारले आणि आंघोळीचं पाणी ठेवलं.

सहा तुकडे ओलसर होते, नुसते धुमसले. गाय कोरड्या कोपऱ्यात असल्यामुळे तिचं दावं वाळलेलं होतं, ते लगेच पेटलं. पीळ सुटला आणि आतून कापडाची एक चिंधी बाहेर आली. कापड दिसलं की माझी नजर आपोआप जाते. रंग पाहिला, नक्षी पाहिली, आणि मग ती काळी पडली.

अक्का आल्या त्या आधी शेडमध्ये गेल्या. बाहेर आल्या तेव्हा आवाज चढला नव्हता, पण चेहरा उतरला होता.

"दावी कुठायत ताई?"

मी हसून चुलीकडं बोट केलं. त्यांनी पिशवी टाकली, धुरात हात घालून तुकडे ओढून काढले, पदरानं विझवले.

"काय करायलात तुमी हे? कामून कापलात?"

"मान सोलली होती म्हशीची..."

"मान भरती हो चार दिसांत. आता ह्यांचं घर कसं हुडकायचं?"

मग त्या खाली बसल्या आणि मला समजावलं. राग होता, तरी समजावलं. पाणी चढलं की भिजलेली गाठ सुटत नाही, म्हणून माणसं विळ्यानं दावं कापून जनावर मोकळं सोडतात. अर्धं गळ्यात जातं, अर्धं खुंट्याला राहतं. ते खुंट्याचं अर्धं कुणी टाकत नाही. एरवीसुद्धा या भागात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, ते घरात ठेवतात. आणि दावं वळणारा प्रत्येक हात वेगळा. कुणाचा पीळ डावा, कुणी बकरीचे काळे केस घालतो, कुणी घरातल्या बाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी. अक्का तुकडा हातात घेऊन गाव सांगू शकत होत्या. मालक आला की त्यानं आपलं अर्धं आणायचं, काप जुळवायचा, जनावर न्यायचं. एकाच रंगाच्या दोन म्हशी असल्या तरी भांडण नाही.

मी ज्याला मळ समजले तो त्यांचा पत्ता होता. मला फार लाज वाटली. माफी मागितली, तीही चुलीकडे बघत.

अक्कांनी सहा तुकडे ओळीनं मांडले. "हे साईगावकडचं. हे दोन एकाच हाताचे. हा डावा पीळ, हा म्हातारा मला म्हाईत हाय." सातवी जागा रिकामी होती.

"गाईचं कसलं होतं? पीळ कसा होता?"

पीळ मी पाहिला नव्हता. "आत चिंधी होती," मी म्हणाले. "तिचा रंग..."

अक्कांनी पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

"सांगू नका. रंगावरनं गाव कळत न्हाई. पन कुणी आलं तर तेवढंच एक इचारता येतंय. मी चार मानसांत बसनारी, माझ्या तोंडातनं जाईल. मलाबी सांगू नका, कुठं लिवूबी नका. आता तिचं अर्धं दावं तुमीच."

शनिवारी अण्णांच्या जीपमधून आम्ही सहा तुकडे घेऊन नदीकाठच्या गावांना निघालो. डिझेल गोंड्यांच्या पैशातून. कडेच्या शेतांत तूर झोपलेली, बाभळींच्या काट्यांत माणसाच्या उंचीवर कडबा अडकलेला. वाटेत कांदाभजी आणि सुसला खाल्ला. चुरमुऱ्याचा हा ओला, फोडणीचा प्रकार जरूर खा. एका गावच्या कट्ट्यावर अक्कांनी डाव्या पिळाचा तुकडा ठेवला. एक म्हातारा घरात गेला आणि आपलं अर्धं घेऊन आला. दोन्ही तिरपे काप एकमेकांना लावले. जुळले.

"जित्ता हाय व्हय?" त्यानं विचारलं.

"हाय की. खायलाय पोटभर," अण्णा म्हणाले.

म्हाताऱ्यानं टोपी काढून डोळे पुसले. मी जीपमध्ये जाऊन बसले, मला तिथं उभं राहण्याचा हक्क वाटेना.

रविवारी दुपारपर्यंत सहाही जनावरं आपापल्या गावी गेली. गाईसाठी माझ्या त्या देखण्या फोटोवरून दोघं आले. एकाकडे दावंच नव्हतं. दुसऱ्यानं तुकडा आणला होता, पण त्याचा काप पांढराधोप, कालपरवाचा. अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. मी पीळ उकलला, आत चिंधी नव्हती. मी नाही म्हणून मान हलवली.

"पांढऱ्या गाई काय कमी हायत का?" तो माणूस चिडून म्हणाला. "हिच्यावर नाव लिवलंय का?"

लिहिलं होतं. मी जाळलं होतं.

सोमवारी टेम्पो आला. आदल्या दिवशी अक्कांनी गाईसाठी नवं दावं वळलं होतं, निंबर्ग्याच्या हाताचं, त्यात लाल लोकरीचा एक पदर. ते तिच्या गळ्यात बांधून त्यांनी मधोमध कापलं आणि खुंट्याकडचं अर्धं माझ्या हातात दिलं.

"हे तुमच्या घरला न्या. तिचं घर सापडंपत्तोर तिला कुनाचा तरी खुंटा पायजे."

बसवकल्याणचा किल्ला राहिला. बिदरचं काहीच पाहिलं नाही. तुम्ही जाल तर पाहा, तिकडची माणसं त्याबद्दल फार अभिमानानं बोलतात. मी मात्र भालकीहून थेट गाडीत बसले.

घरी आल्यावर गोंडे दाराला लावले आणि दावं बाल्कनीतल्या हुकला. नवऱ्यानं विचारलं, हे काय. मी सगळं सांगितलं, रंग सोडून. दर रविवारी गोशाळेत फोन करायचे. तिथले गृहस्थ पहिल्यांदा वैतागले, मग सवयीनं सांगायला लागले, "लाल पदराची ना? हाय. रवंथ करायलीय." अक्कांचे फोन दोनदा आले. दोन्ही वेळा कुणीतरी दावं घेऊन आलेलं, आत चिंधीही होती. एक हिरवी, एक भगवी. दोन्ही वेळा मी नाही म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर धास्तावून गेले. चुलीत मी खरंच तोच रंग पाहिला होता का? रोज आठवून आठवून तो मी झिजवला तर नव्हता? एक देखणा फोटो, एक सकाळ, एक विळा, आणि कुणाची तरी गाय माझ्या आठवणीच्या भरवशावर उभी होती.

गेल्या मंगळवारी दुपारी पुन्हा फोन आला.

"ताई, एक बाई आलीय. पार खालच्या अंगाच्या गावची. पुरानंतर लेकीकडं व्हती, मोबाईल न्हाई, आता कळलं मनून आली. अर्धं दावं हाय हातात. आदी तुमी बोला. कसली होती चिंधी?"

"वांगी रंगाची," मी म्हणाले. "बारीक पिवळे ठिपके. किनारीजवळचा तुकडा असावा, एका बाजूला सुताची जाड रेघ होती."

पलीकडून पीळ उकलताना अंबाडी कुरकुरते, तेवढा आवाज आला.

"ठिपके हायत," अक्का म्हणाल्या. "रेघबी हाय."

मग फोन त्या बाईकडे गेला. ती माझ्याशी काय बोलेल, दावं जाळल्याबद्दल काय म्हणेल, याची मी दोन महिने तयारी केली होती. तिनं त्यातलं काही विचारलं नाही.

"गाबन व्हती ती," ती म्हणाली. "याली का?"

मला माहीत नव्हतं. मी रविवारचे सगळे फोन केले होते आणि हे एकदाही विचारलं नव्हतं. गोशाळेला फोन लावला, त्यांना गोठ्यात पाठवलं, आणि परत हुलसूरला लावला. व्याली होती, बारा दिवसांपूर्वी. कालवड.

फोनवर ती बाई रडली का हसली, मला कळलं नाही. मी रडले. थोड्या वेळानं अक्कांनी फोन घेतला. बुधवारी काशिनाथ अण्णांची जीप कलबुर्गीला जाणार होती, गाय आणि तिची कालवड, दोघींना आणायला. बाल्कनीतल्या अर्ध्या दाव्याचं काय करू, असं मी विचारलं.

"र्‍हाऊ द्या तुमच्याकडंच. जनावर गेलं तरी दावं देत न्हाईत," त्या म्हणाल्या. "आन आता लिवा ताई. रंगबी लिवा."