बोट पहिल्या ओळीवर, तोंड चौथ्या ओळीवर

हेडमास्तर नानांनी मला फसवलं. माझ्याबरोबर माझ्या बिगरीतल्या एकवीस मुलांना फसवलं. शाळा तपासणाऱ्या डिपोटीसाहेबांनी ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि खाली सही केली.

बिगरी म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. शिंदखेड्याजवळच्या आमच्या शाळेत दोन बिगऱ्या होत्या. एक नानांची, एक माझी. नानांची मुलं 'क कमळाचा, म मगराचा' हेल काढून म्हणत. वर्षअखेर पुस्तक तोंडपाठ. पण फळ्यावर 'मका' लिहिला की 'मगराचा, कमळाचा' म्हणून गप्प. मी कमळ आणि मगर दोन्ही हाकलले. फक्त आवाज ठेवला. म. का. जोडा. मका. चार अक्षरं पक्की झाली की त्यांचेच शब्द. मग पाचवं अक्षर.

मेहरूणला भाजीच्या पाटीमागे मी वाढलो. सौदा करणं मला कळतं. नानांना म्हटलं, "तपासणीला दोन्ही वर्गांना न शिकवलेला मजकूर द्यायचा. माझी मुलं अडली, तर मी तुमच्या पद्धतीनं शिकवेन."

"आणि वाचली तर?"

"तुम्ही माझ्या."

"शब्द दिला, मास्तर."

दुसरा सौदा भिला आबांशी. माझ्या वर्गातल्या आपल्या आठ वर्षांच्या लेकीला, यशोदेला, ते कापूस वेचायला नेणार होते. "पोर पास व्हयनी ते शायमा राही," आबा म्हणाले, "नही ते वावरमा." पास तर शाळा, नापास तर शेत. मी कबूल झालो.

तपासणीच्या दिवशी नानांनी साहेबांपुढे पुस्तक उघडलं. धडा बारावा. त्यांच्या वर्गानं तो वर्षभर घोकलेला. माझ्या वर्गानं पाहिलेलाही नाही. नानांचा हुशार मुलगा धडाधड म्हणत सुटला. माझ्याकडून यशोदा उठली. अक्षर जोडत, थांबत, शेवटाला पोहोचली. चूक एकही नाही.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "फार मंद."

माझं डोकं फिरलं. "साहेब, त्या मुलाचं बोट बघायचं होतं. बोट पहिल्या ओळीवर, तोंड चौथ्या. आता दोघांना खालून वर वाचायला लावा."

"मास्तर, आवाज खाली!"

"घेतला खाली. लावा वाचायला."

लावलं. यशोदेनं शेवटची ओळ वाचली, मग तिच्या वरची. नानांच्या मुलानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि धड्याची पहिली ओळ म्हणायला सुरुवात केली. साहेब खो खो हसले. नाना खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, जिंकलो.

शेरेबुकात साहेबांनी लिहिलं: 'हेडमास्तरांचा वर्ग उत्तम. दुसरा वर्ग नापास. शिक्षक उद्धट.'

मी आबांच्या वावरात गेलो. यशोदेच्या कमरेला कापसाची ओटी बांधलेली. आबांच्या हातात बिडीचं पुडकं होतं. "यशोदे, वाच." तिनं छाप्याचं नाव वाचलं, खालचं गावही वाचलं.

"वाचस ते खरं, मास्तर," आबा म्हणाले. "पन साहेबनी नापास करी दिनं ना. आपलं काय ठरेल व्हतं?"

पास, असंच ठरलं होतं. आबांशी ठरवताना 'वाचली तर' हे मीच म्हटलं नव्हतं. नानांचा शब्दही मी कागदावर घेतला नव्हता. भाजीवाल्याच्या पोरानं इतका कच्चा सौदा करू नये.

पण उद्धट मी होतो. ते माझ्या नावावर लिहा, यशोदेच्या नाही. आणि डिपोटीसाहेब, त्या दिवशी आपण हसलात. कशाला हसलात, ते शेरेबुकात का लिहिलं नाहीत? उत्तर द्या.