पाणी एकच, कागद दोन

विलास पाठारे गेला ही बातमी मला कल्याण कोर्टाच्या कँटीनमध्ये कळली. वकिलांच्या ग्रुपवर मेसेज आला आणि मागोमाग श्रद्धांजल्यांची रांग लागली. ‘असा मसुदा लिहिणारा पुन्हा होणार नाही,’ असं कुणीतरी लिहिलेलं. मित्र गेल्याचं कळून पाच मिनिटंही झाली नव्हती, आणि माझ्या मनात आलं, माझ्याबद्दल कुणी असं लिहील का?... महिना उलटला, तरी त्या विचाराची लाज वाटते. पण तो खरा होता.

आम्ही दोघं एकाच सीनियरकडे शिकलो. दुकानं-गाळ्यांचे भाडेकरार करणं हे आमचं पोटापाण्याचं काम. मी जुना मसुदा काढायचो, नावं बदलायचो, अर्ध्या तासात मोकळा. विलास आधी गाळा बघायला जायचा. गटार कुठून जातं, मीटर किती उंचीवर आहे, वर कुणाची मोरी आहे, सगळं विचारायचा. “अरे, वकील आहेस की प्लंबर?” मी एकदा हसून विचारलेलं. तो म्हणाला, “सद्या, बिघडल्यावर दोन्ही लागतात रे.” आजूबाजूचे हसले. माझ्याच विनोदावर टाळी त्याला मिळाली, हे मी विसरलो नाही.

शहाडला नदीजवळ एकाच मालकाचे दोन गाळे होते. एकात शैलाताई भोईर मसाला कांडपाची गिरणी चालवायच्या. त्यांचा करार मी केलेला. शेजारच्या शिलाईवाल्याचा विलासने. एका पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी दोन्ही गाळ्यांत छातीपर्यंत चढलं. ओसरल्यावर मशीनची मोटर जळालेली, लादी उखडलेली, भिंतींना चिखल. चौथ्या दिवशी शैलाताई दोन्ही करार घेऊन माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

माझ्या करारात होतं, जागा ‘कायमची व पूर्णतः निकामी’ झाली तरच भाडेकरूची सुटका. भिंती तर उभ्या होत्या. मालक म्हणत होता, इमारत शाबूत आहे, भाडं चालू, दुरुस्ती सवडीने. विलासने लिहिलेलं, ‘आग, पाणी वा पडझडीमुळे ज्या दिवशी गाळ्यात धंदा करता येणार नाही, त्या दिवसापासून ते गंभीर नुकसान समजावे व भाडे थांबावे. मालकाने साठ दिवसांत गाळा वापरण्याजोगा करावा, अन्यथा भाडेकरूने अनामत घेऊन जावे.’

“साहेब,” शैलाताई म्हणाल्या, “पाणी एकच, मालक एकच. मंग कागद दोन का?”

मी कायद्याचं कलम वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि उठून विलासकडे गेल्या. त्याने मालकाला गाळ्यात नेलं, उखडलेल्या लादीवर उभं केलं आणि शेजारच्याला दिलं तेच शैलाताईंनाही द्यायला लावलं. तो माझ्याविषयी काहीतरी बोलला असेल, या आशेने मी नंतर त्यांना विचारलं. रागवायला निमित्त हवं होतं. “न्हाय हो,” त्या म्हणाल्या, “ते बोलले, सदाचा कागद कायद्याला धरूनच हाय.” त्याने मला नावं ठेवली असती तर बरं झालं असतं. त्या चांगुलपणाने मी जास्त जळलो. पुढे बार रूममध्ये तो समोर आला, की मी मोबाइल काढायचो. त्याचं वाक्य उत्तम आहे, हे त्याला कधी सांगितलं नाही. आणि माझ्या करारांत ते घातलंही नाही. शैलाताईंची फजिती पाहूनसुद्धा नाही... हे त्याहून वाईट.

गेल्या आठवड्यात विठ्ठलवाडीचा एक तरुण बेकरीवाला आला. भट्टीसाठी गाळा घेत होता. मी पहिल्यांदाच गाळा बघायला गेलो आणि करारात विलासचं वाक्य, शब्द न बदलता घातलं. मालकाचा वकील ते खोडायला निघाला, तेव्हा तासभर भांडलो. सह्या झाल्यावर बेकरीवाला म्हणाला, “सर, काय भारी लिहिलंय तुम्ही!”

गप्प बसता आलं असतं. “माझं नाही ते,” मी म्हणालो. “विलास पाठारे नावाच्या वकिलाचं आहे.”

“असं होय?” त्याने लगेच मोबाइल काढला. “मग त्यांचा नंबर द्या ना. भावाचाही करार करायचाय, त्यांच्याकडेच पाठवतो.”

माझ्यासमोरून उठून विलासकडे जाणारं आणखी एक गिऱ्हाईक. पण या वेळी मला मनापासून वाटलं, जाता आलं असतं तर...