तिसऱ्या अंकातली सून

हे मी वीस वर्षं कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला, मुलीला तर आजही ठाऊक नाही. जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं, तिला गेल्या महिन्यात सांगितलं. आता तुम्हाला सांगते.

मी पुण्यात बँकेत नोकरी करायचे आणि संध्याकाळी तिथल्याच एका हौशी संस्थेत नाटक. त्या वर्षी सरांनी – आमच्या दिग्दर्शकांनी – एक जुनं, गाजलेलं नाटक घेतलं. जातीबाहेरची सून घरात येते, आणि घर तिला आपलं म्हणत नाही. तिसऱ्या अंकात ती सासऱ्यांना विचारते, माणूस म्हणून मी कुठे कमी पडले? लोक त्या प्रवेशासाठी यायचे.

सुनेचं काम सरांनी सुनीताला दिलं. ती खडकीची, बौद्ध घरातली. वडील दारूगोळा कारखान्यात. स्वतः नर्स, ड्यूटी संपवून थेट तालमीला यायची. पहिल्याच वाचनाला तिने तो प्रवेश असा वाचला, की सर चष्मा पुसत बसले.

आणि मी? मला हेवा वाटला. नुसता हेवा असता तर – पण हेवा मला संस्थेतल्या इतर बायकांचाही वाटायचा. त्यांना काम मिळालं की ‘हिला कसं काय?’ असं कधी मनात आलं नव्हतं. सुनीताच्या वेळी आलं. का आलं, हे मला तेव्हाही कळत होतं. तेहतीस वर्षांची होते मी, लहान नव्हते.

मी सरांना म्हटलं, सुनीताला घरून नाटकाची परवानगी नाही, तुम्हाला सांगायला ती संकोचते. आणि सुनीताला म्हटलं – सरांना तुझे उच्चार पटत नाहीत.

तिचे उच्चार माझ्याइतकेच स्वच्छ होते. पण हे कारण मी निवडून काढलं होतं. हे तिने आधीही कुठेकुठे ऐकलं असणार, ती उलट विचारायला जाणार नाही – माझा अंदाज बरोबर निघाला. “बरं, ताई,” म्हणाली, संहिता माझ्या हातात दिली आणि गेली.

काम मी केलं. माणुसकीबद्दल बोलले, टाळ्या घेतल्या. लाज वाटली नाही? वाटली. तरी पुढच्या प्रयोगाला उभी राहिलेच.

गेल्या महिन्यात कळलं, खडकीतल्या एका छोट्या सभागृहात तेच नाटक आहे, दिग्दर्शन सुनीताचं. गेले. सुनेचं काम एका विशीतल्या मुलीने केलं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. प्रयोग संपल्यावर सुनीता खुर्च्या रचत होती, तिथे जाऊन सगळं सांगून टाकलं.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “घरचे का नाही म्हणाले, असं विचारायला सरांनी नंतर फोन केला होता. तेव्हाच कळलं.”

“मग त्यांना खरं का नाही सांगितलंस?”

“नाटक बंद पडलं असतं. तुम्ही काम वाईट केलं असतंत, तर सांगितलं असतं.” मग हातातली खुर्ची खाली ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, “राग नव्हता असं समजू नका. वर्षभर मी तालमीच्या त्या रस्त्याने जात नव्हते. मग म्हटलं, रस्ता काय यांचा आहे?”

मी निघाले, तर मागून तिचाच आवाज आला. “सोमवारपासून याच नाटकाची नव्या मुलींबरोबर तालीम आहे. प्रॉम्प्टिंगला कुणी नाही. याल?”

जाते. विंगेत बसते, मुली अडल्या की शब्द पुरवते. परवा त्यांच्यातल्या एकीने सहज विचारलं, “ताई, तुम्ही केलंय का हे नाटक?”

सुनीता समोरच होती. मी सांगितलं – जसं घडलं तसं, काही न गाळता. विचारणारी मुलगी उठून बाहेर गेली, बराच वेळ आली नाही. मग आली, आपल्या जागेवर उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “पुढचं वाक्य द्या.”

मी दिलं.